चौथे वेळापत्रक

मे २०२४ च्या ३१ तारखेला, शुक्रवारी, ठाणे स्थानकातील फलाटाच्या रुंदीकरणासाठी मध्य रेल्वेचा ६३ तासांचा मेगाब्लॉक सुरू झाला. आमच्या बेलापूरच्या कार्यालयातील निम्मे लोक डोंबिवली-कल्याणकडून ठाण्याला येऊन गाडी बदलणारे असल्यामुळे त्या दिवशी सर्वांनाच घरून काम करण्याची मुभा मिळाली. पुढे शनिवार-रविवार होतेच. चार वर्षांच्या नोकरीत सलग तीन दिवस लोकलचे तोंड न पाहता घरी बसण्याचा योग मला पहिल्यांदाच आला होता, आणि त्या तीन दिवसांत मी गेट परीक्षेच्या अभ्यासाचे पहिले वेळापत्रक तयार केले. ते नऊ दिवस टिकले. त्यानंतर मी आणखी तीन वेळापत्रके केली आणि त्यांपैकी चौथे फेब्रुवारीपर्यंत पोहोचले. पहिली तीन का मोडली आणि चौथे का चालले, याचा हा वृत्तांत आहे.

परीक्षेची माहिती थोडक्यात सांगते. एम.टेक.च्या प्रवेशासाठी घेतली जाणारी गेट ही परीक्षा बंगळूरची आयआयएससी आणि सात आयआयटी आळीपाळीने घेतात, आणि २०२५ ची पाळी आयआयटी रुरकीची होती. तीन तास, ६५ प्रश्न आणि १०० गुण असा पेपर असतो. त्यांपैकी १५ गुण सर्वांना सारख्या असणाऱ्या ॲप्टिट्यूडला, साधारण १३ गुण गणिताला आणि उरलेले ७२ आपापल्या विषयाला असतात. माझा विषय स्थापत्य अभियांत्रिकी, म्हणजे सिव्हिल. या एका शब्दाच्या पोटात इमारतींचे सांगाडे, माती, पाणी, सांडपाणी, रस्ते आणि जमिनीची मोजणी एवढा सगळा पसारा येतो, आणि पदवी मिळून चार वर्षे झालेल्या माणसाला त्यातील नेमके काय आठवते आहे हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

पहिले वेळापत्रक आलेखाच्या कागदावर, पाच रंगांच्या पेनांनी केले होते. सोमवार ते शुक्रवार रोज चार तास, पहाटे दीड आणि रात्री अडीच. शनिवार-रविवार रोज आठ तास. आठवड्याचे ३६ तास झाले. ३ जूनपासून फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत ३५ आठवडे होते, त्यामुळे एकूण १२६० तास. आकडा इतका देखणा होता की तो मी वहीच्या पहिल्या पानावर चौकटीत लिहिला. मग अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत विषय ज्या क्रमाने छापले होते त्याच क्रमाने ते या तासांत ओळीने मांडले. ही मांडणी करताना एकदाही मनात आले नाही की रात्री नऊ ते साडेअकरा हे तास कागदावर मोकळे दिसत असले, तरी प्रत्यक्षात त्या वेळेत मी जेवून उठलेली असते, दुसऱ्या दिवशीचा डबा ठरत असतो आणि साइटवरून कुणाचा तरी फोन येत असतो. ११ जूनला मी ठरलेल्या कार्यक्रमाच्या १४ तास मागे होते, आणि १२ तारखेला तो कागद घडी घालून कपाटात ठेवला.

दुसरे वेळापत्रक माझे नव्हतेच. गेटमध्ये वरचा क्रमांक मिळवलेल्या एका विद्यार्थ्याची दिनचर्या एका मैत्रिणीने पाठवली होती. त्यात पहाटे चार वाजता उठणे हा मुख्य मुद्दा होता. तो विद्यार्थी त्या वर्षी दुसरे काहीही करत नव्हता, ही गोष्ट मी सोयीस्करपणे नजरेआड केली. पाच दिवस मी चार वाजता उठले. सहाव्या दिवशी ठाण्याहून ८ वाजून काही मिनिटांनी सुटणाऱ्या पनवेल गाडीत खिडकीची जागा मिळाली, ऐरोली गेल्याचे आठवते, आणि डोळे उघडले तेव्हा गाडी खांदेश्वरला उभी होती. बेलापूर, खारघर आणि मानसरोवर कधी गेले याचा पत्ता नाही. पलीकडच्या फलाटावरून उलटी गाडी पकडून कार्यालयात पोहोचले तेव्हा दहा वाजून गेले होते आणि सरांनी घड्याळाकडे पाहून फक्त भुवया उंचावल्या. चार वाजताचा गजर मी त्याच दिवशी बंद केला.

तिसरे वेळापत्रक एक्सेलमध्ये होते. व्यवसायाने मला एक्सेलची सवय असल्यामुळे ते मी मन लावून केले: कोणत्या दिवशी किती तास झाले ते भरायचे, आणि राहिलेले तास उरलेल्या दिवसांत आपोआप वाटले जायचे. ही सोय मला मोठी हुशारीची वाटली होती. पण राहून गेलेला प्रत्येक तास पुढच्या दिवसांच्या डोक्यावर चढत गेला. दोन आठवड्यांनी ती फाइल मला आठवड्याच्या दिवशी सात तास आणि रविवारी अकरा तास अभ्यास कर असे लाल अक्षरांत सांगू लागली. मग मी ती उघडेनाशी झाले. वेळापत्रकाला घाबरून अभ्यास टाळण्याची पाळी आली की दोष आळसाचा नसून मांडणीचा असतो, असे माझे आज ठाम मत आहे. तेव्हा मात्र मी स्वतःलाच दोष देत होते.

८ जुलैच्या सोमवारी पहाटेपर्यंत इतका पाऊस झाला की मध्य रेल्वे कोलमडली. मी घरीच राहिले. पूर्ण दिवस हातात होता, कार्यालयाचे काम नव्हते आणि बाहेर पडण्याचा प्रश्न नव्हता. रात्री सहज हिशेब केला तेव्हा दिवसभरात खुर्चीत बसून केलेला अभ्यास दोन तासांच्या आतलाच निघाला. बाकीचा दिवस गॅलरीतून पाणी बघण्यात, बातम्यांत, दोनदा चहात आणि ‘आता बसतेच’ असे म्हणण्यात गेला होता. मोकळा वेळ आणि अभ्यासाचा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या रात्री आकड्यांत दिसले, आणि मी ठरवले की आता आधी मोजायचे आणि मगच आखायचे.

१५ ते २१ जुलै हा आठवडा मी केवळ मोजण्यासाठी ठेवला. त्या आठवड्यात कोणतेही लक्ष्य नव्हते. जमेल तेव्हा अभ्यासाला बसायचे, बसताना फोनवरचे स्टॉपवॉच सुरू करायचे, आणि पाणी प्यायला उठले तरी ते थांबवायचे, एवढाच नियम होता. सोमवारी १ तास ४० मिनिटे झाली. मंगळवारी ५० मिनिटे. बुधवारी आषाढी एकादशीला सुटी असूनही दोनच तास झाले, कारण दुपारी साबुदाण्याच्या खिचडीनंतर मी झोपले. गुरुवारी शून्य. शुक्रवारी १ तास १० मिनिटे, शनिवारी ५ तास १० मिनिटे आणि रविवारी ४ तास २० मिनिटे. बेरीज १५ तास १० मिनिटे आली. ३६ तासांचे वेळापत्रक घेऊन मी दीड महिना जिच्याशी भांडत होते ती खरी शिल्लक ही एवढीच होती. आडातच नव्हते, तर पोहऱ्यात कुठून येणार?

या आकड्याने आधी मला खूप वाईट वाटले आणि मग, का कोण जाणे, हलके वाटले. २२ जुलै ते २ फेब्रुवारी हे बरोबर २८ आठवडे होते. त्यांतून गणपतीचा एक, दिवाळीचा एक आणि कार्यालयातील दोन मोठ्या कामांचे नकाशे देण्याच्या मुदतीचे दोन, असे चार आठवडे मी सुरुवातीलाच काढून टाकले. राहिले २४ आठवडे आणि १५ तासांच्या हिशेबाने ३६० तास. शेवटचे सहा आठवडे फक्त सराव परीक्षा आणि उजळणीसाठी ठेवायचे ठरवले, म्हणजे त्यांतील ९० तास गेले. विषय शिकायला, खरे तर पुन्हा शिकायला, २७० तास उरले. १२६० मधून २७० वर आल्यावर पहिल्यांदाच ‘काय सोडायचे’ हा प्रश्न समोर उभा राहिला, जो आधीच्या तिन्ही वेळापत्रकांत कधी आलाच नव्हता, कारण १२६० तासांत सगळेच बसते.

मी मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका उतरवून घेतल्या आणि एक संपूर्ण शनिवार फक्त प्रत्येक प्रश्नापुढे खूण करण्यात घालवला: येते, पाहिल्यासारखे वाटते, येत नाही. उत्तरे काढली नाहीत. या कामाने माझा एक गोड गैरसमज मोडला. मी स्ट्रक्चरल डिझाइनच्या कार्यालयात काम करते, तुळया आणि खांब हे माझे रोजचे काम, त्यामुळे तो भाग माझा हातचा आहे असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात कार्यालयात सांगाडा सॉफ्टवेअर सोडवते, आयएस ४५६ ही संहिता कायम टेबलावर उघडी असते, आणि हाताने एखादी सलग तुळई सोडवून मला चार वर्षे झाली होती. ‘येते’ अशी खूण करायला हात उचलेना. उलट पर्यावरण अभियांत्रिकी, जिच्याकडे पदवीच्या काळात कुणी वळूनही पाहिले नव्हते, तिच्यातील प्रश्न थोड्या वाचनात सुटतील असे दिसत होते.

त्यावरून वाटणी अशी झाली: गणित ४५ तास, ॲप्टिट्यूड १५, आणि मूळ विषयाचे २१०. या २१० मध्ये स्ट्रक्चर ६०, माती म्हणजे जिओटेक ५०, पाणी ४०, पर्यावरण २५, रस्ते-वाहतूक २५ आणि मोजणी १०. सिंचन पूर्ण सोडून दिले. आज पुन्हा वाटायचे झाले तर ॲप्टिट्यूडला मी दुप्पट तास देईन. शंभरातील १५ गुण तिथे आहेत, आणि ‘ते काय, येतेच’ या समजुतीने मी त्यांच्याकडे शेवटपर्यंत सावत्रपणाने पाहिले.

क्लासचाही विचार केला होता. स्टेशनजवळच्या एका क्लासची शनिवार-रविवारची तुकडी होती, दोन्ही दिवस प्रत्येकी आठ तासांची. दोन तास फुकट बसून पाहिले, शिकवणे वाईट नव्हते. पण माझ्या आठवड्यात एकूण तास १५ आणि क्लासचे १६, हे गणित पाहिल्यावर निर्णय आपोआप झाला. जिथे अडेल तिथे एनपीटीईएलची आयआयटीच्या प्राध्यापकांची मोफत व्याख्याने पाहायची, आणि तीही पूर्ण मालिका न पाहता अडलेल्या भागापुरती, असे ठरवले. हा मार्ग सर्वांना मानवेल असे मी म्हणणार नाही. ज्याला समोर शिक्षक नसेल तर बसवतच नाही, त्याने क्लासला जावे आणि उरलेल्या वेळाची आशा सोडावी.

आता हे वेळापत्रक लिहायचे कुठे, हा प्रश्न होता. आलेखाचा कागद आणि एक्सेल या दोघांवरचाही विश्वास उडाला होता. आमच्या कोपरीच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशेजारी कालनिर्णय टांगलेले असते. त्यावर आई दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख आणि भावाच्या मोटरसायकलच्या सर्व्हिसिंगचा दिवस लिहिते. घरातील सर्वांना पटलेली ती एकमेव नोंदवही आहे. मी त्याच चौकोनांत लिहायला सुरुवात केली. वर संकष्टी किंवा प्रदोष छापलेला, मध्ये मोठा आकडा, खाली आईचे ‘दूध १ जादा’, आणि जी काय बोटभर जागा उरेल तिथे माझे ‘सॉ २’, म्हणजे सॉइल मेकॅनिक्स दोन तास. त्या चौकोनात दोनच शब्द मावतात, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला. आलेखाच्या कागदावर मी एका दिवसात सहा विषय कोंबले होते. इथे एकापुढे दुसरा लिहायला जागाच नव्हती. तास पूर्ण झाले की त्यावर बरोबरची खूण, झाले नाहीत तर काहीच नाही. राहिलेले काम दुसऱ्या दिवशी ढकलायचे नाही, हा नियम मी एक्सेलच्या धड्यावरून केला. जे गेले ते गेले. त्यासाठी आठवड्यात एक दिवस कोरा होता, आणि तो गुरुवार होता, कारण गुरुवारी कार्यालयात कामाच्या आढाव्याची बैठक संध्याकाळपर्यंत लांबते आणि मोजणीच्या आठवड्यात गुरुवारपुढे शून्यच होते. ज्या दिवशी आपण हमखास नापास होतो त्या दिवशी परीक्षा ठेवायची कशाला?

आईने पहिल्या आठवड्यात काही विचारले नाही. दुसऱ्या आठवड्यात सकाळी डबा भरताना ती म्हणाली, “आज फ्लु दीड आहे तुझं. हे फ्लु काय असतं गं?” फ्लुइड मेकॅनिक्स समजावून सांगण्याऐवजी मी पाण्याचे गणित असे सांगितले. त्यानंतर संध्याकाळी घरी येणाऱ्या पाहुण्यांना ती कालनिर्णयाकडे बोट करून “आज तिचं पाणी दीड तास आहे” असे सांगू लागली, आणि घरात टीव्हीचा आवाज त्या दीड तासात कमी होऊ लागला. कपाटातल्या कागदाने हे कधीही घडले नसते.

गाडीतील वेळ मी या १५ तासांत धरला नव्हता. ठाण्याहून बेलापूर गाडीने सुमारे चाळीस मिनिटांवर आहे, आणि सुरुवातीला मी जाता-येता मिळून रोजचे सव्वा तास अभ्यासाचे मानले होते. प्रत्यक्षात सकाळी गाडी ठाण्यातूनच सुटत असल्यामुळे एक गाडी सोडून थांबले तर लेडीज डब्यात बसायला मिळते, पण बहुतेक वेळा ती चौथी सीट असते. तिघींच्या सीटवर चौथी म्हणून टेकल्यावर एक पाय मार्गिकेत आणि एक हात वरच्या दांडीला असतो. त्या अवस्थेत गणित सोडवता येत नाही, हे मी तीन वेळा प्रयत्न करून पाहिले आहे. सूत्रे मात्र वाचता येतात. मी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर एका बाजूला प्रश्न आणि मागे सूत्र अशा चिठ्ठ्या केल्या आणि त्या ओढणीच्या टोकात धरून तुर्भ्यापर्यंत उलटत असे. समोर बसलेल्या एक काकू मेथी निवडता निवडता त्या चिठ्ठ्यांकडे पाहत असत. एकदा त्यांनी “पत्ते आहेत का?” असे विचारले. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत मी काहीही करायचे नाही असे ठरवले होते, आणि ते मी निष्ठेने पाळले.

ऑगस्टच्या अखेरीस अर्ज भरला. ७ सप्टेंबरला गणपती बसले. आमच्याकडे दीड दिवसाचे असतात, पण नातेवाइकांकडे पाच आणि सात दिवसांचे असल्यामुळे दर्शनाला जाणे अनंत चतुर्दशीपर्यंत चालूच राहते. तो आठवडा कालनिर्णयात मी आधीच कोरा सोडलेला होता, आणि मोदकांची पारी वळताना ‘आज काहीच झाले नाही’ ही टोचणी मनात नव्हती, एवढ्यासाठीही ते कोरे चौकोन सार्थकी लागले. नंतर पेपरांच्या तारखा विषयवार जाहीर झाल्या आणि सिव्हिलला १६ फेब्रुवारी मिळाली. एकदम दोन आठवडे जास्तीचे हाती आले. त्यांत सिंचन बसवावे असा मोह झाला होता. मी ते दोन्ही आठवडे कोरेच ठेवले, आणि डिसेंबरमध्ये नकाशांचे काम ठरल्यापेक्षा बारा दिवस लांबले तेव्हा ते त्यात सहज विरघळून गेले.

६ ऑक्टोबरला पहिली पूर्ण सराव परीक्षा दिली. १०० पैकी ३४.३३ गुण आले. गुण कमी पडणार हे माहीत होते. ते कुठे गेले हे माहीत नव्हते. त्यासाठी एक दोनशे पानी वही घेतली आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी एक ओळ लिहिली: विषय, गेलेले गुण आणि कारण. कारणे चारच ठेवली. मुळात येत नव्हते, सूत्र विसरले, एकक किंवा आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही. शेवटच्या दोन कारणांपुढे मिळून १७ गुण निघाले. म्हणजे एक नवीन पान न वाचता केवळ हात आणि डोळे सुधारून मिळतील असे १७ गुण! तोपर्यंत माझ्या वेळापत्रकात विषयांसाठी जागा होती, चुकांसाठी नव्हती. त्या रविवारनंतर दर मंगळवारचा अर्धा तास कालनिर्णयात ‘वही’ म्हणून लिहिला जाऊ लागला.

या वहीतील एक चूक सांगण्यासारखी आहे. चिकणमातीच्या थरावर बांधकामाचा भार आला की मातीतील पाणी हळूहळू बाहेर पडते आणि थर दबत जातो. तो अमुक टक्के दबायला किती काळ लागेल, असा प्रश्न गेटला आवडतो. थराच्या वर आणि खाली दोन्हीकडे वाळू असेल तर पाणी दोन्ही बाजूंनी निघून जाते, म्हणून सूत्रात थराची निम्मी जाडी घ्यायची असते. पूर्ण जाडी घेतली तर तिचा वर्ग होत असल्यामुळे उत्तर बरोबर चौपट येते, आणि प्रश्न पर्यायांचा असेल तर ते चौपट उत्तरही पर्यायांत आपली वाट पाहत उभे असते. ही चूक मी १२ ऑक्टोबरला केली, २७ ऑक्टोबरला केली आणि १७ नोव्हेंबरला पुन्हा केली. तिन्ही वेळा वहीत लिहिताना ‘सूत्र येते, घाई’ असे कारण दिले होते. तीन ओळी एकाखाली एक दिसल्यावर लक्षात आले की ही घाई नव्हे. प्रश्नात ‘वाळू’ हा शब्द कुठे आहे ते मी शोधतच नव्हते. त्यानंतर मातीच्या प्रत्येक प्रश्नात पाणी कुठून निघते त्याचे बाण आधी काढायचे आणि मगच आकड्यांना हात लावायचा, अशी सवय लावून घेतली. डिसेंबरच्या एका चौकोनात मी नुसते ‘निम्मी!’ असे लिहिले होते. आईने तो दुधाचा निरोप समजून दूधवाल्याला अर्धाच लिटर दूध टाकायला सांगितले.

दुसरी अडचण कॅल्क्युलेटरची निघाली. परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पडद्यावरचा, माउसने एकेक आकडा दाबायचा असा मिळतो, आणि संगणकाचा कीबोर्ड चालत नाही. कॉलेजपासूनच्या माझ्या खिशातल्या कॅल्क्युलेटरवर बोटे न पाहता चालतात, माउसने मात्र तेच गणित करायला मला जवळपास दुप्पट वेळ लागत होता. खिशातला कॅल्क्युलेटर भावाकडे दिला आणि जुन्या प्रश्नपत्रिकाही पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरनेच सोडवू लागले. हे जुलैमध्येच करायला हवे होते.

२० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाची सुटी होती. सकाळी सातला रांगेत उभे राहून मत दिले आणि साडेनऊला सराव परीक्षेला बसले. ४४ गुण आले. त्या परीक्षेत मी पर्यायांच्या प्रश्नांत अंदाजाने उत्तर देण्याची सवय मोजली. एका गुणाचे उत्तर चुकले तर एक तृतीयांश आणि दोन गुणांचे चुकले तर दोन तृतीयांश गुण कापले जातात. संख्या भरायच्या आणि एकाहून अधिक पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नांत कापले जात नाहीत. माझे अंदाज आठ होते, त्यांतील दोन बरोबर आले. दोन पर्याय निश्चितपणे बाद करता आले तरच अंदाज करायचा, हे त्यावरून ठरले.

जानेवारीत प्रवेशपत्र आले आणि त्यावर दुपारचे सत्र होते, अडीच ते साडेपाच. तोवरच्या सर्व सराव परीक्षा मी सकाळी ताज्या डोक्याने दिल्या होत्या. शेवटच्या चार रविवारी वेळ बदलून अडीचची केली, आणि पहिल्याच रविवारी जेवून बसल्यामुळे सव्वातीनला पेंग आली. मग जेवण साडेअकराला, तेही एक भाकरी आणि पालेभाजी, भात नाही, असे ठरले. नवीन वर्षाच्या कालनिर्णयात मी फक्त एवढेच उतरवले होते: चार रविवारच्या परीक्षा आणि मंगळवारची वही. बाकी चौकोन आईला परत मिळाले.

१६ फेब्रुवारीच्या चौकोनात संकष्टी छापलेली होती, त्यामुळे आईचा उपास होता. केंद्र नवी मुंबईत आले होते. रविवार असल्यामुळे मेगाब्लॉक असेलच असे धरून आम्ही रेल्वेच्या भानगडीत न पडता भावाच्या मोटरसायकलवरून कळवा-विटाव्यामार्गे गेलो आणि सव्वा तास आधी पोहोचलो. पेपराबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. ॲप्टिट्यूडमध्ये दोन प्रश्नांवर ठरवल्यापेक्षा दुप्पट वेळ गेला आणि शेवटी तीन प्रश्न न पाहताच राहून गेले.

१९ मार्चला निकाल लागला आणि ५३.३३ गुण मिळाले. पवईच्या आयआयटीत हव्या त्या शाखेचा प्रवेश त्या गुणांत बसला नाही. एका एनआयटीत जिओटेकला जागा मिळाली. स्ट्रक्चरच्या कार्यालयात चार वर्षे काढलेल्या मुलीने माती निवडली याचे सरांना आश्चर्य वाटले. वहीतल्या त्या बाणांमुळे ती मला आवडू लागली होती, हे त्यांना सांगितले नाही. जुलै ते फेब्रुवारी या काळातील खुणा केलेल्या चौकोनांची बेरीज मी नंतर केली. ती ३४७ तास आली.

कार्यालय सोडण्याच्या सुमारास एका कनिष्ठ सहकारी मुलीने माझे वेळापत्रक मागितले. ती खारघरला राहते आणि तिला दीड वर्षाचा मुलगा आहे. मी तिला वेळापत्रक दिले नाही. एक आठवडा स्टॉपवॉच लावून ये, एवढेच सांगितले. पुढच्या सोमवारी ती आली तेव्हा तिच्या कागदावर नऊ तास होते आणि तिचा चेहरा पडला होता. जेवणाच्या सुटीत आम्ही त्या नऊ तासांचे काय करायचे यावर बसलो. डबे संपेपर्यंत गणित आणि पर्यावरण एवढे ठरले, आणि रस्ते ठेवायचे की सोडायचे यावर वाद चालू असतानाच तिला सरांनी आत बोलावले.